गप्प बसलेला ससा

"आमचा ससा फार गरीब आहे हो, कोणीही उचला, हूं की चूं करत नाही." जळगाव-धुळ्याकडे ससा पाळलेल्या घरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता आधी सशाकडेच बघतो. पोरं त्याला या मांडीवरून त्या मांडीवर देत असतात. त्याचे कान पाठीला घट्ट चिकटलेले, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय, अंग लाकडासारखं ताठ. हा भीतीने थिजलेला ससा असतो.

घार झडप घालायला आली, तर ओरडून सशाचा काही फायदा नसतो. आधी थिजायचं, मग संधी साधून पळायचं, एवढंच त्याच्या रक्तात आहे. हातात धरल्यावर पळता येत नाही, म्हणून तो थिजलेलाच राहतो. उताणा केला की 'झोपतो' म्हणून लोक कौतुक करतात, तीही भीतीच. सुटायला त्याने मागचे पाय जोरात झाडले, तर हाडं इतकी नाजूक की कणा मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलू नये. उचलणं भागच असेल, तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि त्याचं अंग आपल्या अंगाला टेकलेलं.

निर्धास्त ससा वेगळाच दिसतो. पाय पसरून पडतो. कधी बसल्या जागी एकदम कुशीवर कोसळतो. नवख्या माणसाला वाटतं, गेला की काय! खुशीत असला की हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो. पलंगाच्या पायाला, चपलेला हनुवटी घासतो, कारण हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात आणि वास लावला की वस्तू त्याची झाली. कपाळावरून हात फिरवताना दात हलकेच कुरकुरतात, ते ऐकू येण्याआधी बोटांना जाणवतं. मात्र कोपऱ्यात कुबड काढून बसलाय आणि दात मोठ्याने करकर वाजताहेत, तर त्याला दुखतंय. त्यात दहा-बारा तास खाणं नाही, लेंड्या नाहीत, म्हणजे आतडी थंडावली. त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर गाठावा.

मागचा पाय जमिनीवर आपटणं म्हणजे कळपातल्या बाकीच्यांना धोक्याचा इशारा. पाळीव सशाचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं, बिळं करून कळपाने राहणारं. आपल्या रानातला ससा निराळ्या जातीचा, गवतात उघड्यावर राहणारा, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. या रानसशाची मादी दिवसभर पिल्लापासून लांब असते. कपाशीत एकटं पिल्लू दिसलं म्हणून घरी आणू नये.

बिळाची सवय असलेल्या जीवाला घरातही बीळ लागतं. दोन बाजूंनी भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. आत शिरलेल्या सशाला ओढून बाहेर काढायचं नाही, हा नियम पोरांना पहिल्या दिवशीच सांगावा. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते खोकं आतल्या खोलीत न्यावं.

खरी काळजी मे महिन्यात. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. तिशीच्या पुढे पारा गेला की तो कासावीस होऊ लागतो, आणि आपल्याकडे पारा ४५ गाठतो. कान तापलेले, तोंड उघडून धापा, लाळ, अशी लक्षणं दिसली तर साध्या पाण्याने कान ओले करावेत आणि दवाखान्यात न्यावं. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. पिंजरा पत्र्याखाली नको. ओली फरशी, गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आणि लांबून येणारी कूलरची हवा, एवढ्याने दुपार निभते.

ओळख करायची तर जमिनीवर बसा, समोरून नाही, बाजूने. नाकापुढचं त्याला दिसत नाही, म्हणून समोरून आलेला हात त्याला झडपेसारखा वाटतो. थोडा वाळका चारा शेजारी टाका आणि हात मांडीवर ठेवून आपलं काम करत राहा. दोन-चार दिवसांनी तो मान लांबवून येईल, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत मागेच. पायाचा वास घेईल, हनुवटी घासेल आणि निघून जाईल. त्या दिवशी त्याला उचलू नका.