धोका कोणाला, बंदी कोणावर?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. उन्हाळ्यात येथील हजारो बाया पहाटेच मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला रानात जातात. चंद्रपूरच्या जंगलात वाघ आहेत आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावतात. तरीही 'हे काम धोक्याचे आहे, म्हणून स्त्रियांनी करू नये' असा कायदा कोणी केलेला नाही. याच चंद्रपूर जिल्ह्यात माजरी, दुर्गापूर, सास्ती येथे कोळशाच्या खाणी आहेत. तेथे मात्र हेच कारण सांगून स्त्रियांना कित्येक दशके बाहेर ठेवले गेले. एकच कारण एका कामाला लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही, असे दिसले की ते कारण तपासून पाहावे लागते. प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

आधी कायदा पाहू. १९५२ च्या खाण कायद्यातील कलम ४६ नुसार जमिनीखालील खाणीत कोणत्याही स्त्रीला कामावर ठेवता येत नव्हते. जमिनीवरच्या कामातही तिला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच ठेवता येई. म्हणजे तीन पाळ्यांत चालणाऱ्या खुल्या खाणीत रात्रपाळीही तिला बंद.

स्त्रियांना हे काम जमत नाही, म्हणून ही बंदी आली काय? इतिहास वेगळे सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झरिया आणि राणीगंजच्या खाणींत नवरा कोळसा फोडी आणि बायको तो टोपलीत भरून वाहून नेई. १९२० च्या सुमारास देशातील कोळसा खाण कामगारांत सुमारे एक तृतीयांश स्त्रिया होत्या. १९२९ पासून त्यांना जमिनीखालून टप्प्याटप्प्याने काढण्यात आले. मग दुसरे महायुद्ध आले, कोळसा कमी पडू लागला, आणि १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. या तीन वर्षांत खाणी सुरक्षित झाल्या नव्हत्या. बदलली होती ती कोळशाची गरज.

आता धोका म्हणजे नेमके काय ते पाहू. कोळशाच्या थरातून मिथेन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एका ठिणगीने स्फोट होतो. वरच्या खडकाला आधार अपुरा पडला, तर छत कोसळते. बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली, तर फुप्फुसे निकामी होतात. यांतला कोणता धोका समोर पुरुष आहे की स्त्री हे पाहून येतो? मिथेनवर उपाय वायुवीजनाचा, छताला उपाय आधाराचा आणि खडकात ठोकलेल्या बोल्टचा, धुळीवर उपाय पाण्याच्या फवाऱ्याचा. हे उपाय केले तर सगळेच वाचतात. स्त्रियांना बाहेर ठेवले तर पुरुषांचा धोका तसूभरही कमी होत नाही.

येथे एक रास्त शंका निघेल. गरोदरपणाचे काय? त्या काळात काही कामे टाळलीच पाहिजेत. पण ती काळजी ठरावीक स्त्रीची, ठरावीक महिन्यांपुरती असते. तिच्या आधारे सर्व स्त्रियांवर जन्मभराची बंदी घालणे हे तर्काला धरून नाही.

अशा बंदीचे परिणाम साखळीसारखे पसरतात. खाणीत नोकरी नाही, म्हणून महाविद्यालय खाण अभियांत्रिकीला मुलगी घेत नाही. मुली शिकत नाहीत, म्हणून खाणीत स्त्री अधिकारी नाही. स्त्रिया नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी शौचालय नाही. आणि शौचालय नाही, म्हणून 'येथे बायकांचे काम नाही'. परिणामालाच कारण म्हणून पुढे केले जाते.

ही साखळी कोणीतरी तोडावी लागते. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांनी खाण अभियांत्रिकीच्या पदवीसाठी प्रवेश मागितला. तो नाकारला गेला, तेव्हा त्या उच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. भारतातील पहिली महिला खाण अभियंता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेत त्या शास्त्रज्ञ झाल्या.

कायदा हलायला मात्र आणखी वीस वर्षे लागली. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने खुल्या खाणीत स्त्रियांना रात्रपाळीची मुभा मिळाली. जमिनीखाली दिवसा काम करण्याचीही मुभा मिळाली, पण ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी येथील भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी या अभियंता रुजू झाल्या. २०२० च्या कामगार संहितेने स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांचा हक्क दिला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. रात्रीच्या कामासाठी तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे.

पण कायदा बदलला की मने बदलतातच असे नाही. 'बाईंना कार्यालयातच बसवा, उगाच त्रास नको' हे वाक्य काळजीचे वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे तिचा खाणीतला अनुभव हुकतो, आणि अनुभव नाही म्हणून पुढे बढतीही हुकते. हे वाक्य कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, म्हणून ते खोडणे अधिक अवघड.

स्त्रियांच्या आरोग्याची काळजी हे बंदीचे नेहमीचे समर्थन. ती काळजी खरी असती, तर आधी त्यांचे आरोग्य तपासले गेले असते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. या स्त्रिया शेतात आणि रानात राबतच होत्या. त्यांच्या प्रकृतीच्या नावाने तेथे कोणी त्यांचे काम थांबवले नव्हते, आणि औषधही दिले नव्हते.

शिक्षकांना आम्ही एक उपक्रम सुचवतो. गावातील किंवा शहरातील वीस कामांची यादी विद्यार्थ्यांना करू द्या: ट्रॅक्टर चालवणे, धानाची रोवणी, विजेच्या खांबावर चढणे, डंपर चालवणे, वनरक्षकाची गस्त, विटा वाहणे. प्रत्येक कामापुढे 'हे कोण करते' आणि 'दुसरे का करत नाहीत' असे दोन रकाने असावेत. मग प्रत्येक कारणाला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी मोजले आहे काय? हेच कारण दुसऱ्या कामाला लावले तर टिकते काय? आणि त्या कामाचा मोबदला वाढला तर कारण बदलते काय? तिसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.