परत आल्यावर वर्ष कोण मोजणार?

शिकायला परमुलखात : लेखांक ६

विद्यार्थी विनिमयाच्या कामात येणारी बहुतेक मंडळी प्रवासाच्या ओढीनं येतात. नकाशे उघडून बसणारी, कधी न पाहिलेल्या गावाचं रेल्वे वेळापत्रक हौसेनं वाचणारी माणसं. कामाला लागल्यावर मात्र त्यांचा दिवस जातो गुणपत्रिका, अभ्यासक्रम आणि सह्या यांच्यात. हे काम मला प्रवासाहून कमी मोलाचं कधीच वाटलं नाही. ते न झाल्यानं काय होतं, हे रोमच्या सोफिया कोर्रादी यांनी सोसलं आणि त्यातूनच आजची युरोपातली सर्वांत मोठी विनिमय योजना उभी राहिली.

कोर्रादी रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात कायदा शिकत होत्या. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि तुलनात्मक कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ मध्ये परतल्या. रोममधल्या कचेरीनं ती पदवी जमेस धरली नाही. उलट, सहल करून आलेल्या मुलीला सुनवावं तसं त्यांना सर्वांसमोर सुनावलं गेलं. इटलीतल्या राहिलेल्या परीक्षा देण्यात त्यांचं आणखी एक वर्ष गेलं. हुशार मुलगी, नामांकित विद्यापीठ, मानाची शिष्यवृत्ती, सगळं होतं. नव्हता तो फक्त दोन विद्यापीठांमधला आगाऊ करार.

पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेसाठी काम करताना, १९६९ पासून, त्यांनी हाच मुद्दा लावून धरला : परदेशात दिलेली परीक्षा आपल्या विद्यापीठानं मोजलीच पाहिजे. टिपणं लिहिली, भेटी घेतल्या, नकार ऐकले, पुन्हा गेल्या. १९७६ मध्ये युरोपीय समुदायानं विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमांना मदत देणं सुरू केलं. ब्रुसेल्समध्ये हायवेल केरी जोन्स यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तो धागा पुढे नेला आणि जून १९८७ मध्ये ‘इरॅस्मस’ योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज विद्यार्थी, शिक्षक, प्रशिक्षणार्थी मिळून हा आकडा दीड कोटीच्या पुढे आहे. कोर्रादींना लोक ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणू लागले, ते उगीच नाही.

आता प्रत्यक्ष काम. विद्यार्थी निघण्याआधी एक शिक्षण करार होतो. त्यावर तीन सह्या लागतात : विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची आणि घेणाऱ्या विद्यापीठाची. तिथे कोणते विषय घेणार आणि इथे ते कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, हे त्यात लिहिलेलं असतं. मोजायचं माप युरोपभर एकच आहे. पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट, सत्राची ३०. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण २५ ते ३० तासांचे कष्ट. त्यात वर्ग आले, वाचन आलं, परीक्षेची तयारीही आली.

क्रेडिटचं गणित सोपं, खरी कसोटी गुणांची. फ्रान्समध्ये गुण २० पैकी देतात आणि १० ला पास. इटलीत ३० पैकी, १८ ला पास. जर्मनीत उलटंच : १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आता फ्रान्समध्ये १४ मिळवलेली मुलगी घ्या. तिथे १४ म्हणजे ‘चांगला’ हा शेरा. त्रैराशिक मांडलं तर इटलीत तिचे होतात २१, म्हणजे पासाच्या रेषेच्या थोडेसेच वर. मुलगी तीच, अभ्यास तोच, आणि कागदावर ती सुमार ठरते. म्हणून जाणता समन्वयक त्रैराशिक मांडत नाही. त्या अभ्यासक्रमात किती टक्के मुलांना १४ वा त्याहून जास्त मिळतात ते तो पाहतो आणि आपल्याकडे तेवढेच वरचे विद्यार्थी किती गुण मिळवतात ते शोधतो. यासाठी दोन्हीकडचे तक्ते लागतात, आणि ते मागून, पाठपुरावा करून मिळवावे लागतात. त्या मुलीला न्याय मिळतो तो इथे, या कंटाळवाण्या दिसणाऱ्या पत्रव्यवहारात.

वेळापत्रकंही जुळत नाहीत. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात, तर स्पेनमध्ये सप्टेंबरात वर्ग भरतात आणि जानेवारीत परीक्षा. म्हणजे स्पेनहून गेलेल्या विद्यार्थ्याची जर्मनीतली परीक्षा संपण्याआधीच मायदेशी पुढचं सत्र उभं राहतं.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी एक फरक नीट समजून घ्यावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या पदवीला सत्राची साधारण २० क्रेडिट असतात आणि व्याख्यानांच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. युरोपातली ३० आणि आपली २० ही दोन वेगळ्या मापांनी मोजलेली एकेका सत्राचीच कामं आहेत. पुण्या-मुंबईतली मुलं ३० चा आकडा पाहून धास्तावतात, किंवा क्रेडिटला क्रेडिट लावून कमी विषय निवडतात आणि परतल्यावर अडकतात. निवड करण्याआधी आपल्या विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावं की तिथली किती क्रेडिट इथल्या किती क्रेडिटच्या जागी धरणार.

तिथे पोहोचल्यावर एखादा विषय रद्द झालेला असतो, दोन तासिका एकाच वेळी येतात. तेव्हा करारात बदल करून तिन्ही सह्या पुन्हा घ्याव्या लागतात, आणि त्या तिथे असतानाच, पहिल्या काही आठवड्यांत. तोंडी ‘चालेल’ म्हणालेले प्राध्यापक वर्षभरानं रजेवर असू शकतात. म्हणून सही झालेली प्रत स्वतःजवळ ठेवावी.

पुढच्या आठवड्यात राहण्याच्या जागेविषयी : वसतिगृह, भाड्याची खोली आणि अनामत रक्कम.