डॉक्टरांच्या केबिनआधीचं टेबल

औषध कंपनीच्या एमआरला (वैद्यकीय प्रतिनिधीला) डॉक्टरांआधी भेटतात ते कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरच्या ताई. आत कोणाला, कधी सोडायचं हे बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतं. अनेक दवाखान्यांत एमआरसाठी ठरावीक वार आणि वेळ असते. एरवी पेशंट आधी, आणि तसंच हवं.

केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी जाहीर केलेल्या विपणन संहितेत (यूसीपीएमपी) भेट मिळवण्यासाठी आमिष दाखवायला किंवा लबाडी करायला मनाई आहे. भेटीच्या बदल्यात कुठल्याही नावाखाली पैसे देता येत नाहीत. मोफत नमुन्यांनाही मर्यादा आहे: एका औषधाची, एका डॉक्टरला वर्षाला जास्तीत जास्त १२ पाकिटं.

मग उरतो सरळ मार्ग. टेबलामागच्या माणसाचं नाव लक्षात ठेवावं, कामाचं खरं कारण एका वाक्यात सांगावं, ओपीडी भरलेली दिसली तर कार्ड ठेवून निघावं. ‘डॉक्टरांनीच बोलावलंय’ ही थाप एकदा चालते, पुढे ते दार कायमचं अवघड होतं.

मोठ्या रुग्णालयात मात्र एकट्या डॉक्टरांना भेटून भागत नाही. तिथे कोणतं औषध घ्यायचं हे बरेचदा औषध समिती आणि खरेदी विभाग ठरवतात.