मासे सोडले म्हणजे नदी वाचली?

मावळात एक वाक्य फार ऐकू येतं. वाढदिवस असो, कुणाची पुण्यतिथी असो किंवा कंपनीचा पर्यावरण सप्ताह, कुणीतरी म्हणतंच, "वळवणला महाशीर तयार होतात ना? मग आणायचे आणि सोडायचे इंद्रायणीत, पवनेत, जिथे पाणी दिसेल तिथे. जिवंत मासा सोडल्याने कुणाचं काय वाईट होणार?"

होतं. आणि त्याचा सगळ्यात बोलका पुरावा लोणावळ्याजवळच्या या वळवणशीच जोडलेला आहे.

आधी वळवणचं श्रेय वळवणला देऊ. निळ्या परांचा महाशीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री, हा आपल्याच भागातला मासा. कर्नल साइक्सने 1839 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. धरणं, सुरुंग लावून मासेमारी आणि सांडपाणी यांमुळे तो झपाट्याने घटला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकात वळवणच्या तलावाकाठी त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू केलं. पोटात अंडी असलेल्या माद्या पकडायच्या, अंडी फलित करायची, मत्स्यजिरे म्हणजे इवली पिल्लं वाढवून बोटभर बोटुकली करायची आणि ती ठिकठिकाणच्या मत्स्य विभागांना द्यायची. अवघड काम होतं आणि ते त्यांनी जमवलं. इथवर तक्रार नाही.

तक्रार "ठिकठिकाणच्या" या शब्दाशी आहे. त्या ठिकाणांत कावेरीही होती. कावेरीत आधीपासून स्वतःचा महाशीर होता. नारिंगी शेपटीचा, पाठीवर उंचवटा असलेला हा मासा 50 किलोंच्या वर जाई. 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला 120 पौंडांचा मासा आजही गळकऱ्यांच्या तोंडी आहे. एवढा प्रसिद्ध मासा, पण त्याचं शास्त्रीय नाव मात्र कुणाला नीट सांगता येत नव्हतं. तो टोर रेमादेवी असल्याचं 2018 मध्ये ठरलं. त्याच वर्षी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आययूसीएनने, त्याला "अतिसंकटग्रस्त" गटात टाकलं.

वळवणचे मासे कावेरीत आले आणि तिथला मासा संकटात सापडला, या दोन घटनांच्या मधल्या काळात काय घडलं, याची नोंद आहे. गळ टाकून पकडलेले मासे परत सोडणाऱ्या छावण्यांनी 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी जपल्या होत्या. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी त्या तपासून 2015 मध्ये "एंडेंजर्ड स्पीशीज रिसर्च" या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गळाला लागणारे महाशीर एकूण वाढले होते. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, झालं संवर्धन! पण वाढलेला मासा बाहेरून आणलेला निळ्या परांचा होता आणि त्यांत लहान वयाचे मासे भरपूर होते. स्थानिक मासा मात्र विरळ होत चालला होता, आणि जे सापडत ते दिवसेंदिवस मोठ्या आकाराचे. गळकऱ्याला मोठा मासा मिळाला की आनंद होतो, अभ्यासकाला घाम फुटतो. मोठेच सापडतात याचा अर्थ खालून नवी पिढी येत नाही.

म्हणजे एका नदीतला संकटात सापडलेला मासा वाचवताना तोच दुसऱ्या नदीत उपरा ठरला. दोघांचं खाणं सारखं, अंडी घालायला लागणारा वाहत्या पाण्यातला वाळू-गोट्यांचा तळ सारखा, नातंही जवळचं. कावेरीतली धरणं आणि वाळूउपसा यांचा वाटा आहेच, पण म्हणून बाहेरचा मासा सोडणं निर्दोष ठरत नाही.

गंमत अशी, की घरात खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणारा हौशी माणूस हे सगळं जाणतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत नवा एंजलफिश आणताना तो त्याला आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो, अंगावर पांढरे ठिपके येतात का पाहतो, आधीचा एंजल जागेवरून भांडेल म्हणून दगडांची मांडणी बदलतो. काचेच्या चार भिंतींत एवढी काळजी, आणि नदीकाठी मात्र प्लास्टिकची पिशवी उलटी केली की फोटो!

आता बाकीचे गैरसमज, भराभर.

"वळवणचा मासा म्हणजे गोल्डन महाशीर." गोल्डन महाशीर, म्हणजे टोर प्युटिटोरा, हिमालयातल्या नद्यांचा. आपला तो निळ्या परांचा.

"महाशीर आता रेड लिस्टच्या बाहेर आला." आययूसीएनच्या या यादीत "किमान चिंता" हाही एक गटच आहे. टोर खुद्री त्या गटात गेला आहे, यादीबाहेर नाही.

"गप्पी मासे आपलेच, डास खातात." गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बंदिस्त टाकीत सोडणं वेगळं, ओढ्यात सोडणं वेगळं.

"नको झालेला एंजलफिश तलावात सोडला की सुटला." खाऱ्या पाण्यातला असेल तर गोड्या पाण्यात तडफडून मरेल. गोड्या पाण्यातला असेल तर तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, म्हणजे इथे उपराच. विकणाऱ्याला परत द्या.

"मासा वाचवायचा तर सोडावाच लागतो." महाड तालुक्यातला काळ नदीवरचा वाळणकोंड पाहा. तिथले महाशीर पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते देवाचे मासे म्हणून कुणी पकडले नाहीत यामुळे. बाहेरून आणून कुणी भर घातली म्हणून नव्हे.

आणि शेवटी इंद्रायणी. कारखाने आणि गावांचं सांडपाणी येऊन आळंदीला ज्या पाण्यावर फेस तरंगतो, त्यात बोटुकली सोडण्याचा कार्यक्रम कुणी आखला तर आयोजकांना तीन गोष्टी विचारा. मासा कुठल्या जातीचा, त्याचे आईबाप कुठल्या नदीतले, आणि त्या दिवशी पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती मोजला? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा निवेदकाकडे बोट दाखवलं जाईल.