एकच तेल, दोन उलटी कामं

अंबरनाथ पूर्वेत मोटरसायकलचे सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात 'चांगलं ऑइल द्या' म्हटलं, तर समोर चार-पाच डबे येतात. त्यांवर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, एसएल, एसएन, एमए२ अशी अक्षरं असतात. बहुतेक जण ती सोडून किंमत वाचतात. जितकं महाग तितकं निसरडं, आणि जितकं निसरडं तितकं गाडीला चांगलं, असा आपला साधा हिशेब असतो. मोटरसायकलच्या बाबतीत तो चुकतो. का चुकतो हे पाहिलं, तर घर्षणाच्या धड्यासाठी एक चांगलं उदाहरण आपल्या हाती लागतं. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी ही गाडी असतेच.

एका तेलात तीन भाडेकरू

हाताने गिअर बदलायच्या मोटारीत इंजिनाचं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. क्लच बहुधा कोरडाच असतो. राजदूत, यामाहा आरएक्स १०० किंवा जुनी चेतक या टू-स्ट्रोक गाड्यांत एक तेल पेट्रोलबरोबर जळून जाई, तर गिअर आणि क्लच दुसऱ्याच तेलात बुडलेले असत. १९८५ साली हिरो होंडा सीडी १०० आली. तिच्यासारख्या फोर-स्ट्रोक मोटरसायकली पुढे घरोघरी झाल्या आणि ही वाटणी संपली. यांतल्या बहुतेकींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिघं एकाच तेलात नांदतात. अशा तेलात भिजलेल्या क्लचला ओला क्लच म्हणतात.

पिस्टनला घर्षण कमीत कमी हवं असतं. क्लच मात्र घर्षणावरच चालतो. त्यात कॉर्कचं किंवा कागदी तंतूंचं अस्तर असलेल्या काही चकत्या असतात आणि त्यांच्यामध्ये पोलादी चकत्या. स्प्रिंगा त्या सगळ्यांना एकमेकींवर दाबून धरतात. एका प्रकारच्या चकत्या इंजिन फिरवतं, दुसऱ्या प्रकारच्या गिअरबॉक्सला फिरवतात. दोघींमधला दुवा फक्त घर्षणाचा.

हा दुवा सैल झाला तर काय होतं, याचा एक हिशेब मुलांकडून करून घ्या. समजा, इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर १० न्यूटन-मीटर टॉर्क देत आहे. त्याची शक्ती भरते सुमारे ६.३ किलोवॅट. यातला दहावा भाग चकत्या घसरण्यात गेला, तर क्लचमध्ये सुमारे ६३० वॅट उष्णता तयार होईल. म्हणजे घरातली इस्त्री क्लचच्या डब्यात चालू ठेवल्यासारखंच झालं! अस्तर जळतं, गुळगुळीत होतं आणि आणखी घसरतं. मुरबाडवरून माळशेज घाट चढताना किंवा ट्रकला ओलांडताना मूठ पिळली, आवाज वाढला, पण गाडी पुढे गेली नाही, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

पातळ थरातली गोष्ट

मग तेलातला क्लच मुळात पकडतोच कसा? इंजिनाच्या बेअरिंगमध्ये दांडा वेगाने फिरत असतो आणि तो तेलाला स्वतःखाली ओढून घेतो. धातू धातूला टेकतच नाही. तिथे महत्त्व असतं तेलाच्या दाटपणाला, म्हणजे विष्यंदतेला. क्लचच्या चकत्या दाबल्या जातात तेव्हा मधलं बरंचसं तेल पिळून बाहेर पडतं. उरतो तो अगदी पातळ, रेणूंच्या जाडीचा थर. तिथलं घर्षण मुख्यतः धातूला कुठले रेणू चिकटले आहेत यावर ठरतं.

साबणाचा रेणू आपल्या ओळखीचा आहे. त्याचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं आणि शेपूट तेलाकडे. मोटारीच्या काही तेलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण घटवणारी रसायनं घालतात. त्यांतल्या अनेकांचे रेणू असेच असतात. डोकं धातूला चिकटतं आणि लांब शेपट्या ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहतात. पिस्टनला हे सुखाचं असतं. पण हेच तेल क्लचमध्येही जातं, आणि तिथे पोलादी चकत्यांवर तोच ब्रश उगवतो.

दोष महाग तेलाचा नाही आणि सिंथेटिक तेलाचाही नाही, दोष या रसायनांचा आहे. ओल्या क्लचसाठी बनवलेलं सिंथेटिक तेल बिनदिक्कत वापरता येतं.

डब्यावर काय वाचायचं?

एसएईच्या आकड्यांतून फक्त दाटपणा कळतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. अंबरनाथ-बदलापूरच्या पहाटेला त्याची फारशी चिंता नाही. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं ते सांगतो. ३० क्रमांकासाठी ही विष्यंदता ९.३ ते १२.५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असते, ४० साठी १२.५ ते १६.३. खोलीच्या तापमानाच्या पाण्याची असते सुमारे १. यातला कुठला आकडा घ्यायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

एसएल, एसएन ही एपीआयची अक्षरं. 'एस'नंतरचं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. मात्र ही मानकं मोटारींच्या इंजिनांसाठी आहेत. त्यांत ओल्या क्लचची परीक्षाच नसते.

ती परीक्षा जपानच्या जासो संस्थेच्या १९९८ च्या मानकात आली. चाचणी-यंत्रावर खरा क्लच तेलात चालवून सरकतानाचं घर्षण, स्थिर घर्षण आणि थांबायला लागणारा वेळ मोजतात. घर्षण पुरेसं असेल तर तेल 'एमए', कमी असेल तर 'एमबी'. २००६ मध्ये एमएचे दोन पोटविभाग झाले, एमए१ आणि एमए२. दुसऱ्यात पकड अधिक. ओल्या क्लचच्या मोटरसायकलला एमए गटातलंच तेल हवं. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला एमबी चालतं.

वर्गात करून पाहा

दोन सारख्या परीक्षानळ्यांत सारखंच तेल घ्या. एक नळी बर्फाच्या पाण्यात ठेवा, दुसरी गरम पाण्यात. दोन्हींत सायकलच्या बेअरिंगमधला एकेक छर्रा सोडा आणि तळाशी पोचायला लागणारा वेळ मोजा. मग विचारा: या प्रयोगावरून हे तेल क्लचला चालेल की नाही ते कळेल का? कळणार नाही. का नाही, हे मुलांनी सांगितलं, तर दाटपणा आणि घर्षण या दोन वेगळ्या गोष्टी त्यांना समजल्या.

क्लच घसरला की लगेच तेलालाही दोष देऊ नये. आधी क्लचच्या दांडीला पुस्तिकेत सांगितलेला सैलपणा आहे का ते पाहावं. ताणलेली केबल आणि झिजलेल्या चकत्याही हाच त्रास देतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम गॅरेजमध्येही लागू आहे.

आणि काढलेलं काळं तेल गटारात ओतू नये. ते जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्यावं. शिवमंदिराशेजारून वाहणाऱ्या वालधुनीच्या वाट्याला आधीच खूप काही आलं आहे.