धंद्याचा फोन नंबर: आधी मालक ठरवा, मग आकडे

धंद्याचं नाव काय ठेवायचं यावर आमच्या बॅचमध्ये लोक तासभर वाद घालतात. लोगोचा रंग, बोर्डाची अक्षरं, सगळ्यावर मतं असतात. फोन नंबर विचारला की मात्र एका सेकंदात उत्तर, "माझाच देतो की सर!" व्हिडिओत हा विषय पटकन उरकावा लागला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, त्यामुळे मसाले, लोणची, फराळ करणारे लोक रोज लेबलं घेऊन समोर असतात. पॅकबंद वस्तूंचे वजनमापाचे २०११ चे नियम सांगतात की तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल पाकिटावर छापलेला हवा. म्हणजे नंबर बदलला की छापलेल्या लेबलांचा रोल रद्दीत. आणि जे पाकीट आधीच कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचलंय, त्याचं काय? मसाला संपत आला की त्याच पाकिटावरचा नंबर बघून पुढची ऑर्डर येते. तो नंबर बंद असेल तर गिऱ्हाईक तुम्हाला शोधत बसत नाही, शेजारच्या दुकानातून दुसरा मसाला आणतं.

सिम कोणाच्या नावावर आहे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा पण हाच.

एका बॅचमधलं उदाहरण सांगतो. दोन मैत्रिणींनी कोथरूडला डब्यांचा व्यवसाय सुरू केला. सिम एकीच्या दिराच्या नावावरचं, कारण घरात ते जादाचं पडून होतं. अडीच वर्षांनी दोघी वेगळ्या झाल्या. भांडी, फ्रिज, शेगडी यांची वाटणी अर्ध्या दिवसात झाली. नंबरची होईना, कारण मोबाईल कंपनीच्या लेखी तो दिराचा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडे हाताची चव राहिली, पण डबा लावलेल्या माणसांचे फोन दुसऱ्या घरात वाजायला लागले.

नंबर वापरतो कोण, त्याची जाहिरात कोणी केली, याला कंपनी विचारत नाही. केवायसी ज्याचं, नंबर त्याचा. एकट्याचा धंदा असेल तर सिम स्वतःच्याच नावावर घ्या. भागीदारी किंवा कंपनी असेल तर फर्मच्या नावाने बिझनेस कनेक्शन मिळतं. त्यात सिम प्रत्यक्ष वापरणाऱ्याचंही केवायसी होतं. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ सिम चालतात. तुमच्या नावावर नक्की किती आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. वाचता वाचता आत्ताच बघून घ्या, बऱ्याच जणांना धक्का बसतो.

सिम दुसऱ्याच्या नावावर असेल तर ते नावावर करून घेता येतं. आत्ताचा मालक आणि तुम्ही, दोघांनी ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या गॅलरीत जायचं. पण त्यासाठी त्या माणसाची तयारी लागते. म्हणून एकत्र चहा पिताय तोवर हे काम उरका.

अजून एक कारण आहे. फोन येताना समोरच्याच्या स्क्रीनवर केवायसीतलं नाव दिसावं, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आहे. तुम्ही "अमुक मसाले" म्हणून फोन लावणार आणि समोर भलत्याच माणसाचं नाव दिसणार. कोण उचलेल?

एक नाही, दोन नंबर

लोकांना द्यायचा नंबर वेगळा आणि ओटीपी येणारा नंबर वेगळा. बँक, जीएसटी, उद्यम नोंदणी हे सगळं दुसऱ्या नंबरवर, आणि तो फोन तुमच्याच खिशात. धंदा वाढला की पहिला फोन काउंटरवरच्या पोराच्या हातात जाणारच. त्याच फोनवर बँकेचे ओटीपी यायला नकोत. त्याच्यावर विश्वास आहे की नाही हा मुद्दाच नाही, फोन चोरीलाही जातो.

आकडे कसे निवडायचे

फॅन्सी नंबरसाठी हजारो रुपये घालू नका, हे माझं स्पष्ट मत. त्यापेक्षा नंबर मोठ्याने म्हणून बघा, आधी मराठीत, मग हिंदीत. ५९, ६९, ७९ हे आकडे आले की आपलेच लोक एकोणसाठ-एकोणसत्तरमध्ये अडकतात. हिंदीतलं उनसठ-उनहत्तर-उन्यासी तर विचारूच नका. समोरच्याने एकदा ऐकून बरोबर लिहिला तर नंबर चांगला.

पाटीचंही तेच. नाव मराठीत हवंच, पण नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा. हिंजवडीत नोकरीला आलेल्या परप्रांतीय माणसाला आपला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ५ चारसारखा. लँडलाइन देणार असाल तर ०२० लिहायला विसरू नका, मोबाईलवरून त्याशिवाय लागत नाही.

कंपनी कुठली घ्यायची? तुळशीबागेच्या बोळात किंवा जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर रेंज मिळेल ती. काउंटरवर उभं राहून तपासा. पुढे नाही पटली तर नंबर तोच ठेवून पोर्ट करता येतं; देशभर ही सोय २०११ पासून आहे. पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर १९०० वर एसएमएस करायचा. येणारा कोड आपल्याकडे ४ दिवस चालतो. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं. आणि नाव बदलण्याचा अर्ज चालू असताना पोर्टचा कोड मिळत नाही, म्हणून आधी नाव, मग पोर्ट.

नंबर जिवंत ठेवणं

फक्त दिवाळीत फराळ आणि फक्त श्रावणात राख्या विकणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. प्रीपेड सिम ९० दिवस काहीच वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत वाढते. एकदा बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग तुमच्या चकलीची ऑर्डर घ्यायला भलताच माणूस. सरळ वर्षभराचा प्लॅन मारा.

याच नंबरवरून शंभर अनोळखी लोकांना जाहिरातीचे फोनही करू नका. फेब्रुवारी २०२५ च्या बदललेल्या नियमांनुसार दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. त्यात नंबरच गेला तर?

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस

अ‍ॅप फुकट आहे. एकच नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, म्हणूनही वेगळं सिम बरं. सुरू केल्या केल्या सहा आकडी पिन लावा, कॅटलॉग नंतर भरला तरी चालेल. मग कामाच्या वेळा आणि दुकान बंद असतानाचा मेसेज. दुपारी १ ते ४ बंद ठेवणार असाल तर खुशाल ठेवा, पण तसं लिहा. चितळ्यांनीसुद्धा २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तुमचं तुम्ही ठरवा. "४ नंतर फोन करतो" एवढा मेसेज आपोआप गेला तरी गिऱ्हाईक थांबतं.

लेबल छापायला देण्याआधी शेवटचं काम. प्रूफवरचा नंबर दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावा आणि त्याच्याच फोनवरून लावायला सांगा. काउंटरवरचा फोन वाजला, की प्रूफवर सही करा.