माळ्यावरचे जुने व्हिडिओ गेम



टपाल तिकिटे, नाणी, तांब्यापितळेची जुनी भांडी जमवणारे आपल्या लोकांत पुष्कळ आहेत. आता त्यात एका नव्या छंदाची भर पडली आहे, ती म्हणजे जुने व्हिडिओ गेम आणि ते चालवायची यंत्रे जमवणे. आमच्या घरात हा छंद नातवाने आणला. सोल्डरिंगचे काम आजोबांकडे गेले, आणि कापूस, स्पिरिट, साफसफाई आमच्याकडे आली. इतकी वर्षे नर्सिंग केल्यावर दुसरे काय येणार!

या खेळांचा जन्म ऐकण्यासारखा आहे. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे पहिले यंत्र 1972 साली अमेरिकेत विक्रीला आले. त्याचे नाव ओडिसी. ते ज्यांच्या कल्पनेतून निघाले ते राल्फ बेअर जर्मनीत 1922 साली जन्मलेले ज्यू गृहस्थ. 1938 साली त्यांचे कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेला गेले. ओडिसीला आवाज नव्हता, रंगही नव्हते. टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद चिकटवायचा आणि पांढरा ठिपका इकडून तिकडे हलवायचा. बेअर 2014 साली वारले. त्यांनी बनवलेला नमुना, ज्याला ब्राऊन बॉक्स म्हणतात, तो अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवला आहे.

पुढे 1977 साली अटारी आले, 1983 साली जपानात निन्टेन्डोचे फॅमिकॉम आले आणि 1989 साली हातात धरून खेळायचा गेम बॉय. आपल्या इथे 1990 नंतरच्या काळात फॅमिकॉमची नक्कल असलेले मेगासन घरोघरी होते. भारतातही तशाच नकला मिळत. इथली मुले गेमच्या डबीला कलेतेत म्हणत, तिकडची कॅसेट म्हणत. खेळ मात्र तोच, मिशीवाला मारिओ उड्या मारत पळणारा.

हे सगळे आता बोईदेमवर, म्हणजे माळ्यावर, धूळ खात पडलेले असते. ते खाली काढलेत तर त्याची शुश्रूषा कशी करायची ते सांगतो.

पहिला आजार कावीळ! करड्या यंत्राचे प्लास्टिक पिवळे पडते. प्लास्टिकने लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमिनयुक्त द्रव्य घालत. उन्हाने आणि वयाने त्याचा रंग बदलतो. हौशी मंडळी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते उन्हात ठेवतात आणि पांढरे करतात. पण बालमित्रांनो, हे औषध जखम धुवायच्या पेरॉक्साइडपेक्षा बरेच कडक असते, कातडी भाजते. मोठ्यांनी हातमोजे घालूनच हे काम करावे. आमचे मत विचाराल तर पिवळे राहिले तरी काय बिघडले? आम्ही तरी कुठे पूर्वीसारखे गोरे राहिलो!

दुसरा आजार म्हणजे गेम लागत नाही. मग सगळी मुले काय करत? कॅसेटमध्ये फुंकर मारत. खरे तर फुंकरीने काही होत नाही. काढून पुन्हा बसवली म्हणून ती चालते. उलट तोंडातल्या ओलाव्याने धातूची टोके गंजतात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी.

तिसरे, यंत्रात सेल ठेवून देऊ नयेत. ते पाझरतात आणि आतली तार खातात. जुना जाड टीव्ही असेल तर त्याचे मागचे झाकण मात्र कधीच उघडू नये. बंद असला तरी आत वीज साठून राहते.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ कॅसेटींच्या आत एक छोटी गोल बॅटरी जोडलेली असते. तुम्ही कुठवर खेळलात, काय नाव घेतलेत, हे सारे तिच्यावर टिकून असते. साधारण 15-20 वर्षांत ती संपते आणि तिच्याबरोबर सगळे पुसले जाते. आमच्या एका मैत्रिणीचा मुलगा तरुणपणीच गेला. त्याचा गेम बॉय तिने जपून ठेवला होता. नातवाने तो सुरू केला, तर पोकेमॉनच्या गेममध्ये त्या मुलाने लिहिलेले नाव आणि तो किती तास खेळला ते दिसले. बॅटरी अजून जिवंत होती. पण ती नुसती काढली असती तर सगळे गेले असते. म्हणून नातवाने आधी एका लहान यंत्राने ती नोंद संगणकावर उतरवली, मग आजोबांनी नवी बॅटरी बसवली आणि नोंद परत आत घातली. आता मैत्रीण कधी कधी ते सुरू करते, नाव बघते आणि बंद करते. तेव्हा मंडळी, विकण्याआधी, फेकण्याआधी, आत काय आहे ते बघा.

आणि एक इशारा, हा नर्सचा समजा. अशी गोल बॅटरी लहान मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आतून गंभीरपणे भाजते. संपलेली बॅटरीसुद्धा धोक्याची. मूल लाळ गाळते, खोकते, जेवत नाही आणि आपल्याला वाटते सर्दी झाली. नुसता संशय आला तरी वाट पाहू नका, उलटी करवू नका. लगेच 101 ला फोन करा किंवा तातडीच्या विभागात न्या. काढलेल्या बॅटऱ्या चिकटपट्टीत गुंडाळून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या पेटीत टाका.

या छंदात पैसाही फार शिरला आहे. 2021 साली सुपर मारिओ 64 ची न उघडलेली एक पेटी अमेरिकेत 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. ते सोडून द्या. दुसरा आकडा आम्हाला जास्त लागला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली पाहणी केली. 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के तेव्हा दुकानात कुठेच मिळत नव्हते. म्हणजे जे काही उरले आहे त्यातले पुष्कळसे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या माळ्यावरच आहे.

तेव्हा मुलांनो, एखाद्या सुट्टीच्या दिवशी सावता-साबांकडे जा, शिडी धरा आणि खोकी खाली उतरवा. आजी-आजोबांनो, तुम्ही शिडीवर चढू नका बरं का! खाली बसून, हा गेम कोणी आणला, कोण रात्री जागून खेळायचे, ते मुलांना सांगा. आणि एक डाव तुम्हीही खेळा. आमचा मारिओ अजून पहिल्याच खड्ड्यात पडतो, पण नातू म्हणतो, प्रगती आहे.